पान्हा हाती घ्या, बोजा वाटून घ्या

वऱ्हाडात एप्रिल-मे आला की घरोघरी दोन कामे हमखास निघतात. माळ्यावर, गच्चीवर वर्षभर धूळ खात पडलेला लोखंडी कूलर खाली उतरवून खिडकीला लावायचा, हे पहिले काम. गळणारी तोटी, अडत नसलेला बॉलकॉक आणि तुंबलेली मोरी दुरुस्त करायची, हे दुसरे. अमरावतीला पाणी येते ते मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. अकोल्याला येते ते महानच्या काटेपूर्णा धरणातून. नळ रोज येईलच याचा भरवसा नसतो. आला तेव्हा ड्रम, टाकी, गुंड भरून ठेवायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे, हे इथल्या बायाबापड्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. अशा घरात तोटी सेकंदाला एक थेंब गळत असेल तर काय होते, याचा हिशेब आम्ही केला. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एक थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी चोवीस तासांत २१ लिटरांहून अधिक पाणी मोरीत जाते. दहा दिवस प्लंबरची वाट पाहिली तर २०० लिटरचा भरलेला ड्रम वाहून जातो. आणि हे सारे कशासाठी? दहा-पाच रुपयांचे एक रबरी वायसर बदलायला घरात कोणाला येत नाही म्हणून!

नळाची तोटी आणि कूलर हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. घरातले पाणी कोण आणतो, घरातली घाण कोण काढतो आणि घरातले ओझे कोण उचलतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरातच या देशाची समाजव्यवस्था लिहिलेली आहे. मनूने हे प्रश्न माणसाच्या जन्मावर सोडवले. बाबासाहेबांनी ते माणसाच्या स्वाभिमानावर सोडवायला शिकवले. आज आमचा शिकलेला समाज वस्तीतून कॉलनीत आला, कुडाच्या घरातून स्लॅबच्या घरात आला, नोकरीला लागला. त्याबद्दल आम्हाला अभिमानच आहे. पण त्या स्लॅबच्या घरात हे तीन प्रश्न तो कसे सोडवतो, ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

मागचा इतिहास आठवून पाहा. ओझे उचलणे हे आमच्या बापजाद्यांच्या कपाळी जन्मानेच मारलेले होते. साहेबाचा दौरा आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून पोचवायचे, तेही वेठबिगारीने. पाटलाच्या गोठ्यात बैल मेला की तो ओढून गावाबाहेर न्यायचा. त्याची मजुरी काय? तर शिळे तुकडे आणि मेलेल्या ढोराचे मांस. गावातली सर्वांत जड वस्तू उचलणारा माणूस गावात सर्वांत हलका समजला जात होता. आणि पाणी? ज्या विहिरी खोदायला आमचे हात चालत होते, त्याच विहिरींना ते हात लागले की विटाळ होत होता. म्हणून तर जोतिराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या दाराशी हक्काचा प्रश्न उभा राहिला. आमच्या वऱ्हाडाने ती लढाई दुरून पाहिलेली नाही, ती अंगावर घेतलेली आहे.

येथे आमचे काही बांधव आम्हालाच उलट प्रश्न विचारतील. ते म्हणतील, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत ढोरे ओढण्याचे, मेलेल्याचे मांस खाण्याचे, गावची हलकी कामे करण्याचे सोडा असे सांगितले. आमच्या बापाने गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला, पण ते काम सोडले. आम्ही शिकलो, कपडे पांढरे झाले. आणि आता तुम्ही आम्हाला पुन्हा मोरीत हात घालायला आणि कपाट उचलायला सांगता?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. बाबासाहेबांनी काम सोडायला सांगितले नाही. लादलेले काम सोडायला सांगितले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण लिहिले आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यात त्यांनी हाच मुद्दा उकलून दाखवला. जातिव्यवस्था म्हणजे कामांची वाटणी, असे तिचे समर्थक सांगतात. पण ती कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीने केलेली वाटणी आहे, असे त्यांचे म्हणणे. कोणी काय करायचे ते जन्मापूर्वीच ठरते, त्यात माणसाच्या आवडीला, कुवतीला आणि शिक्षणाला जागा नाही. तेव्हा दोष मोरीचा नाही, ओझ्याचाही नाही. आपल्या घरची मोरी दुसऱ्याने साफ करावी आणि ती केली म्हणून त्यालाच अपवित्र ठरवावे, या नीच नियमाचा तो दोष आहे. तो नियम मोडायचा तर एकच मार्ग आहे. आपल्या घरचे काम आपल्या हाताने करायचे, आणि जे काम दुसऱ्याकडून घ्यायचे ते पूर्ण दाम आणि पूर्ण मान देऊनच घ्यायचे.

महाकारुणिक तथागतांनी हे वागून दाखवले आहे. विनयपिटकात कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला होता आणि दुसरा कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्या भिक्खूला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. घाण काढणे आणि ओझे उचलणे ही दोन्ही कामे एका प्रसंगात, आणि तीही कोणाच्या हातून? शाक्यांच्या राजकुळात जन्मलेल्या बुद्धाच्या हातून!

आणि आमच्या वऱ्हाडाला तर दूर जायचेही कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेला, आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखत वाढलेला परटाचा देबूजी हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला. आधी गाव झाडायचे, मग कीर्तन करायचे, हा गाडगेबाबांचा शिरस्ता होता. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावपाशी त्यांनी देह ठेवला. गाडगेबाबांचा खराटा आणि नगरपालिकेच्या सफाई कामगाराचा खराटा, दोन्ही एकाच झाडाच्या काड्यांचे. फरक एवढाच की एकाने तो स्वतःच्या मर्जीने उचलला, आणि दुसऱ्याच्या हाती तो त्याच्या जातीने दिला. आम्ही ज्या पान्ह्याबद्दल बोलत आहोत तो मर्जीने उचलायचा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कारण नुसत्या तत्त्वज्ञानाने तोटी थांबत नाही. आमच्या पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने लोखंडी पाइप कुजतात आणि तोटीच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. नळाची धार बारीक झाली की लोक नवी तोटी आणतात. आधी तोटीच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, लिंबाच्या रसात किंवा वाण्याकडच्या निंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा. बहुतेक वेळा तोटी पूर्ववत चालू लागते.

तोटी थेंब-थेंब गळत असेल तर पहिले काम म्हणजे टाकीकडून येणारा वॉल बंद करणे. मग तोटी उघडून पाइपातले पाणी सांडू द्या. वरची मूठ काढा, पान्ह्याने डोक्याची चक्की उलटी फिरवून सोडवा, आतला दांडा बाहेर घ्या. त्याच्या टोकाला झिजलेले रबरी वायसर दिसेल. तेच दुकानात नेऊन त्याच मापाचे आणा, बसवा, चक्की पुन्हा आवळा. आवळताना पहिलवानकी करू नका. जुने पितळ फाटते. नव्या पद्धतीच्या तोट्यांत वायसरऐवजी चिनीमातीच्या चकत्यांची नळी असते. ती अख्खी बदलावी लागते. तोटी पाइपाशी जोडते तिथूनच पाणी झिरपत असेल तर तोटी काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, आणि पेच ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळतानाच ती सुटून येते. टाकी वाहून जात असेल तर बॉलकॉकचा गोळा हलवून पाहा. त्यात पाणी शिरले असेल तर तो तरंगत नाही आणि वॉल बंद होत नाही. गोळा बदला, काम झाले. यातल्या कोणत्याही कामाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही, आणि यातले कोणतेही काम दहावीतल्या मुलीला जमणार नाही असे नाही.

मोरी तुंबली तर बाटलीतले तेजाब ओतण्याची घाई करू नका. आधी रबरी पंपाने दाबून-ओढून पाहा. बेसिन असेल तर खाली बादली ठेवून वाटीसारखा भाग हाताने फिरवून काढा. केस, चहाची पूड, खरकटे तिथेच अडकलेले असते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. संडास साफ करायचे तेजाब आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

याच ओघात आम्हाला एक कडू गोष्ट बोलायची आहे. नळ आला की घराघरातून टिल्लू पंपाची घरघर ऐकू येते. नळाच्या लाइनला थेट पंप लावून पाणी ओढणे नियमात बसत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नियम बाजूला ठेवा. तुमच्या पंपाने जे पाणी ओढले जाते ते शेवटच्या घरातल्या म्हातारीच्या वाट्याचे असते. शिवाय पंपाच्या ओढीने पाइपात पोकळी होते आणि फुटक्या जोडातून नालीचे पाणी आत शिरते. तेच तुमच्या लेकराच्या पेल्यात येते. ज्या समाजाने पाण्याच्या घोटासाठी डोकी फोडून घेतली, त्या समाजाच्या घरात शेजाऱ्याचे पाणी चोरणारा पंप असावा काय? चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांच्या पाण्यासाठी होता, आपल्या टाकीपुरता नव्हता! हा पंप आज काढा. ही दुरुस्ती सर्वांत सोपी आहे. तिला पान्हासुद्धा लागत नाही.

आता ओझ्याकडे येऊ. कूलर उतरवताना आमच्याकडे दरवर्षी कंबरा धरतात, बोटे चिमटतात. कारण एकटाच पुरुष गडी शिडीवर चढून मर्दुमकी दाखवतो. ओझे उचलण्याचेही एक शास्त्र आहे, आणि ते आमच्या हमाल बांधवांना पुस्तकाविना ठाऊक असते. पाय फाकवून उभे राहायचे, कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसायचे, वस्तू छातीशी धरायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचे. ओझे हातात असताना कंबर पिळायची नाही, वळायचे तर पायांनी वळायचे. कपाट हलवायचे तर आधी रिकामे करायचे, दाराला कुलूप लावायचे, पायाखाली ओले गोणपाट सरकवायचे आणि ओढण्यापेक्षा ढकलायचे. जिन्यात जो खाली असतो त्याच्यावर भार जास्त येतो, म्हणून ताकदीचा माणूस खाली. आणि हुकूम एकाचाच! चौघे चार बाजूंनी ओरडले की बोट सापडलेच म्हणून समजा. पाण्याने भरलेली वस्तू कधीही हलवू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरचा ड्रम म्हणजे दोन क्विंटल.

कूलरबद्दल आणखी एक सूचना, आणि ती जिवाची आहे. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज ही तिन्ही कूलरमध्ये एकत्र येतात. आतला पंप किंवा वायर खराब झाली की सारा पत्रा जिवंत होतो. पाणी टाकताना, ताट्या बदलताना किंवा पुसताना नुसते बटण बंद करून भागत नाही, पिनच काढली पाहिजे. अर्थिंग आहे की नाही हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या अंगणात, अनवाणी पायाने लेकरांना कूलरजवळ खेळू देऊ नका.

जे काम आपल्याला झेपत नाही त्यासाठी माणूस बोलवावाच लागतो. भिंतीतला पाइप फुटला, नवी लाइन टाकायची आहे, तिसऱ्या मजल्यावर फ्रीज चढवायचा आहे, तर जाणत्या कारागिराला बोलवा. वायसर आपण बदलल्याने प्लंबरच्या पोटावर पाय येत नाही. त्याच्या पोटावर पाय येतो तो मोठे काम करून घेतल्यावर पैशांसाठी चार चकरा मारायला लावण्याने. ज्याने स्वतः एकदा तोटी खोलून पाहिली आहे त्याला कारागिराच्या हाताची किंमत कळते, आणि कारागीर फसवत असेल तर तेही कळते.

हमालाचे तेच. गॅसचे घरगुती सिलिंडर १४.२ किलो गॅसचे असते. लोखंडासकट ते ३० किलोच्या आसपास भरते. असे सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो काय? अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापसाची एक गाठ १७० किलोची. धान्याचे पोते पूर्वी १०० किलोचे होते आणि ते एका माणसाच्या पाठीवर जात होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली की धडधाकट पुरुषाकडूनही ५५ किलोंहून अधिक ओझे वाहून घेतले जात असेल तर ते तातडीने कमी करावे. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून १९६९ साली माथाडी, हमाल कामगारांचा कायदा आला. नोंदणी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी यांची सोय माथ्यावर ओझे वाहणाऱ्याला प्रथमच कायद्याने मिळाली. त्यापूर्वी बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला होता. पण घर बदलताना आपण चौकातून ज्या चार गड्यांना बोलावतो, त्यांच्यापर्यंत हे कायदे क्वचितच पोचतात. त्यांचा कायदा, त्यांचा मालक आणि त्यांचा न्यायाधीश त्या एका दिवसापुरते आपणच असतो. मग मजुरी आधी ठरवा, ठरली ती घासाघीस न करता द्या, काचेच्या दिवाणखान्यातल्याच पेल्यात पाणी द्या, आणि वयाने बापाएवढ्या माणसाला ‘ए, अरे’ करू नका. ‘भाऊ’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. मोरी साफ करायला आलेल्या वाल्मीकी, मेहतर समाजाच्या बांधवाला दाराबाहेर उभे ठेवणारे, त्याच्यासाठी फुटका कप बाजूला ठेवणारे एखादे घर आमच्याही कॉलनीत असेल, आणि त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असेल, तर ती तसबीर त्या घराला क्षमा करणार नाही. उतरंडीवर आपण एक पायरी वर चढलो म्हणून उतरंड मोडत नाही. ती मोडते खालच्या पायरीवरचा माणूस आपल्या शेजारी बसतो तेव्हा.

आणि आता शेवटची व सर्वांत महत्त्वाची मर्यादा. स्वतः करायच्या कामाची यादी मोरीच्या जाळीपाशी संपते. संडासाची टाकी आणि भूमिगत गटार यांत स्वतः उतरायचे नाही, आणि पैसे देऊनही कोणा माणसाला उतरवायचे नाही. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन वायू साचलेले असतात. सल्फाइडचा कुजका वास सुरुवातीला येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून धोका टळला असे समजून माणूस पुढे जातो आणि कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. भाऊ, बाप, मुलगा असे एकापाठोपाठ एक गेल्याच्या बातम्या या देशात वारंवार छापून येतात, आणि मृतांची आडनावे वाचली की जात वेगळी विचारावी लागत नाही.

याविरुद्धचा पहिला कायदा १९९३ साली झाला. दुसरा, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला आणि तो लागू झाला तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात किंवा संडासाच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा नियम फक्त नगरपालिकेला आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. त्यात तुम्ही-आम्ही घरमालकही आलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. पण माणसाच्या जिवाची भरपाई कोणते न्यायालय देणार? टाकी भरली तर उपसणारी गाडी बोलवा. गाडीचे पैसे माणसापेक्षा जास्त लागतात म्हणून माणूस उतरवणारा हात पहाटे विहारात जोडला जात असेल, तर त्या वंदनेला काही अर्थ उरत नाही.

घरातल्या मायबहिणींविषयीही बोललेच पाहिजे. पाण्याचा सर्वांत जड बोजा त्यांनीच वाहिला आहे. १५ लिटरचा गुंड डोक्यावर, दुसरा कडेवर, असे दिवसाला किती क्विंटल पाणी आमच्या आजीने वाहिले असेल, याचा हिशेब कोणत्या वहीत नाही. नळ घरात आला तेव्हा तो बोजा उतरला. पण नळ बिघडला की बाई पुन्हा पुरुष घरी येण्याची वाट पाहत बसते. हे का व्हावे? पान्ह्याला स्त्री-पुरुष कळत नाही. घरातल्या लेकीला पान्हा धरायला शिकवा आणि घरातल्या लेकाला भरलेली बादली उचलायला शिकवा. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणाऱ्या महामानवाच्या अनुयायांच्या घरात एवढे तर झालेच पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक अवजारपेटी असावी. त्यात एक पाइप पान्हा, एक सरकता पान्हा, पेचकस, टेस्टर, करवत, टेफ्लॉन टेपचे गुंडाळे, निरनिराळ्या मापांची वायसरे आणि रबरी पंप असावा. बाजूला जाड पट्टे, गोणपाट, लोखंडी पाइपाचे तीन-चार तुकडे आणि एक हातगाडी असावी. ज्याला लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यावे, काम झाले की धुऊन-पुसून परत ठेवावे. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या जाणत्या प्लंबरने, वायरमनने आणि हमालाने तासभर शिकवावे. त्या दिवशी ते गुरू आणि प्राध्यापक, वकील, बाबूसाहेब हे शिष्य. शिकवणाऱ्याला मानधन द्यावे, कारण फुकट घेतलेली विद्या हीसुद्धा बिगारच. वस्तीत कोणी घर बदलत असेल तर दहा हात पुढे व्हावेत. आमच्या जुन्या वस्तीत हे न सांगता होत होते. कॉलनीत आल्यावर आपण ते विसरलो. आणि ज्या मुलांचे मन पुस्तकात रमत नाही पण हात चालतात, त्यांना आयटीआयच्या प्लंबरच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला घालताना आईबापांनी मान खाली घालू नये. प्रमाणपत्र घेऊन, आपल्या दराने, आपल्या मर्जीने काम करणारा कारागीर आणि जातीने राबवला गेलेला बिगारी यांच्यात तेवढेच अंतर आहे, जेवढे नागरिक आणि गुलाम यांच्यात असते.

बापजाद्यांच्या पाठीवरचा बोजा बाबासाहेबांनी उतरवला. तो उतरवला तो दुसऱ्या कोणाच्या पाठीवर चढवण्यासाठी नव्हे. आपल्या घरचा बोजा आपण उचलू, जो एकट्याला झेपत नाही तो वाटून घेऊ, आणि जो कोणत्याही माणसाने उचलू नये तो यंत्राकडे देऊ. संध्याकाळी घरी गेल्यावर मोरीशी कान द्या. थेंब पडण्याचा आवाज येत असेल तर उद्याची वाट पाहू नका. वॉल बंद करा, मुलीला हाक मारा आणि पान्हा तिच्या हाती द्या.

जय भीम!